दूध बंद करताय? मग त्याच्या जागी काय येतंय?

प्रश्न असा आलाय: "आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. सासूबाईंना मुतखडा झाला, तेव्हापासून नातेवाइकांच्या सांगण्यावरून त्यांचं दूध-दही बंद आहे. त्यांना थायरॉइडची गोळीही चालू आहे. यजमानांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, म्हणून ते महागाचं ए-टू तूप मागवतात आणि 'हे चालतं' म्हणतात. मला दूध प्यायलं की पोट फुगतं, म्हणून मी बदामाचं दूध सुरू केलंय. मुलगा सव्वादोन वर्षांचा. तो दिवसाला लिटरभर दूध पितो, जेवत मात्र नाही. वरून रोज व्हॉट्सॲपवर भेसळीचे मेसेज. सगळ्यांचंच दूध बंद करून टाकावं का?"

ताई, तुमच्या घरात चार माणसांचे चार वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही चौघांसाठी एकच उत्तर शोधताय. सासूबाईंचं दही परत सुरू व्हायला हवं. मुलाचं दूध निम्म्याहून कमी व्हायला हवं. यजमानांनी तुपाच्या बरणीआधी दुधाच्या पिशवीकडे बघायला हवं. आणि तुम्हाला दूध पूर्ण सोडायची बहुधा गरजच नाही. मी नागपुरात बरीच वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. दूध चांगलं की वाईट, यावर लोक माझ्यासमोर तावातावाने बोलतात. पण दूध सोडल्यावर त्याच्या जागी ताटात काय आलं, हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. नुकसान तिथेच होतं.

सुरुवात मुलापासून करते, कारण घाई तिथे आहे.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. पिशवीतल्या टोन्ड दुधाच्या एका लिटरमधून सहाशेच्या आसपास कॅलरी मिळतात, फुल क्रीमच्या लिटरमधून साडेआठशेच्या वर. मग त्याला भूक लागणार कुठून? तो हट्टी नाही, त्याचं पोट भरलेलं आहे. आता लोहाचं बघा. या वयात दिवसाला ८ मिलिग्रॅम लोह लागतं आणि अख्ख्या लिटरभर दुधात एक मिलिग्रॅमही नसतं. त्यातच दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन जेवणातल्या लोहाचं शोषण कमी करतात. म्हणजे लोह मुळात कमी, जे येतं तेही नीट लागत नाही. अशी मुलं माझ्याकडे सतत येतात. गुटगुटीत असतात, गालही भरलेले असतात, म्हणून घरात कुणाला शंका येत नाही. आई म्हणते, "काहीच खात नाही जी हा, दुधावरच राहते." मी डोळ्याची खालची पापणी हलकेच खाली ओढते. आत गुलाबी दिसायला हवं, तिथे फिकट पांढरट दिसतं. मग विचारलं की आई सांगते, हो, भिंतीचा चुना चाटतो, कुंडीतली माती खातो. माती खाणं हे वाईट वळण नसून बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं.

तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन या आठवड्यातच तपासून घ्या. या वयात ते ११ च्या खाली असेल, तर बालरोगतज्ज्ञ लोहाचं औषध देतील. त्याचा डोस वजनावर ठरतो, शेजारच्या मुलाची बाटली आणून देऊ नका, आणि ते औषध दुधासोबत तर अजिबात देऊ नका. दूध दिवसाला ४०० मिलीच्या आसपास आणा, तेही जेवणानंतर आणि कपातून. बाटली बंद करा. रात्री तोंडात बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात, हे दंतवैद्य तुम्हाला सांगतीलच. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल. या दिवसांत घरातलं सगळ्यात मायाळू माणूस, म्हणजे बहुधा आजी, विरघळतं आणि चोरून बाटली देतं. सासूबाईंना आधीच विश्वासात घ्या. भूक लागली की तो मऊ मुगाची खिचडी, अंडं, घट्ट वरणभात, फुटाण्याचं पीठ घालून केलेली लापशी खाऊ लागेल. जेवणासोबत संत्र्याच्या दोन-चार फोडी बिया काढून द्या. संत्र्यातल्या क जीवनसत्त्वाने डाळी-धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि मोसमात आपल्या शहरात संत्र्याला तोटा नाही. आणखी एक, दुधात घालायच्या चवीच्या पावडरींनी लोहाची भर पडेल या भरवशावर राहू नका. त्यातल्या बऱ्याच पावडरींत साखर बरीच असते आणि दूध मात्र आणखी प्यायलं जातं. आणि तुमचं बदामाचं दूध त्याला दुधाऐवजी देऊ नका. का, ते पुढे येईल.

आता सासूबाई. मुतखडा झाला की दूध बंद, हा आपल्याकडचा सगळ्यात पक्का समज आहे. तर्क साधा वाटतो: खडा कॅल्शियमचा, दुधात कॅल्शियम, म्हणून दूध बंद. पण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात आणि खरी गोम ऑक्सलेटमध्ये आहे. पालक, तीळ, शेंगदाणे, काजू-बदाम, चहा अशा पदार्थांतून ऑक्सलेट पोटात जातं. त्याच जेवणात कॅल्शियम असेल तर दोघं आतड्यातच एकमेकांना धरतात आणि शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम नसेल तर ऑक्सलेट मोकळं राहतं, रक्तात शोषलं जातं, मूत्रपिंडात पोचतं आणि तिथे लघवीतल्या कॅल्शियमला धरतं. म्हणजे दही बंद केल्याने खड्याचा कच्चा माल वाढतो. इटलीतल्या संशोधकांनी २००२ मध्ये याचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुन्हा पुन्हा खडे होणाऱ्या पुरुषांच्या एका गटाला कमी कॅल्शियमचा आहार दिला. दुसऱ्या गटाला पुरेसं कॅल्शियम दिलं, पण मीठ आणि मांसाहार कमी केला. दुसऱ्या गटात खडा परत होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं निघालं.

तेव्हा सासूबाईंना दही द्या, आणि जेवतानाच द्या. आपल्याकडे पालक आणि चणाडाळीची पातळभाजी होते, त्या दिवशी तर वाटीभर दही सोबत हवंच. पालक आधी उकळून ते पाणी टाकून दिलं तर ऑक्सलेट आणखी कमी होतं. दूध बंद झाल्यावर कॅल्शियमसाठी कुणी त्यांना रोज मूठभर तीळ सुरू करून दिले असतील, तर ते थांबवा. तिळात कॅल्शियम भरपूर आहे, पण ऑक्सलेटही भरपूर आहे. दुसऱ्या कुणासाठी तीळ उत्तम आहेत, खडा होणाऱ्या माणसासाठी दुधाची ती बदली चुकीची ठरते. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही जेवणासोबतच घ्यावी, उपाशीपोटी नको.

खड्यासाठी दुधापेक्षा मोठे दोन दोषी आपल्या शहरात रोज भेटतात, कमी पाणी आणि जास्त मीठ. मेअखेरीच्या नवतप्यात पारा ४५ च्या घरात जातो, घामाने अंग भिजतं, लघवी गडद पिवळी होते आणि खडा व्हायला तेवढं पुरतं. पाणी किती प्यायचं याचं माप ग्लासात मोजू नका. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यायला हवं, म्हणजे मे महिन्यात जानेवारीपेक्षा बरंच जास्त. हृदयाचा किंवा मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार असेल, तर मात्र पाण्याचं माप डॉक्टर ठरवतील. मिठाने लघवीतून जाणारं कॅल्शियम वाढतं. पापड, लोणचं, चिवडा, फरसाण आणि वरून खारट ताक, हे सगळं एकाच दिवसात होतं की नाही ते बघा.

ताकावरून आठवलं. "दूध नाही घेत, पण ताक रोज पिते, कॅल्शियम मिळतंच ना?" असं रुग्ण नेहमी म्हणतात. मी त्यांना विचारते की तांब्याभर ताकाला दही किती घेता? उत्तर येतं, दोन चमचे. दोन मोठे चमचे म्हणजे तीसेक ग्रॅम दही, त्यात चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि ते ताक तीन माणसांत वाटलं जातं. रजोनिवृत्तीनंतर बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशी सांगतात. उन्हाळ्यात ताकासारखं दुसरं पेय नाही, जिरेपूड आणि सांबार (कोथिंबीर) घालून जरूर द्या. पण कॅल्शियमचा हिशेब करायचा तर एका ग्लासाला निदान अर्धी वाटी दही हवं. चहाचंही तेच. तीन कप चहा म्हणजे तीनदा दूध घेतलं असं लोक धरतात, प्रत्यक्षात तिन्ही कपांत मिळून शंभर-दीडशे मिली दूध असतं. गायीच्या दुधात १०० मिलीला साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हशीच्या दुधात त्याहून थोडं जास्त. एवढे दोन आकडे माहीत असले की घरचा हिशेब घरीच होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या आहाराचं जे ताट सुचवलंय, त्यात दूध किंवा दही मिळून दिवसाला ३०० मिली धरलेलं आहे. त्याहून फार जास्त घ्यायची मोठ्या माणसाला गरज नसते.

यजमानांच्या तुपाकडे येते. ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातल्या बीटा-केसीन नावाच्या एका प्रथिनातला आहे. ए-वन प्रकार पचताना एक वेगळा तुकडा सुटतो आणि त्याने आजार होतात, असा दावा आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये सगळा पुरावा तपासला आणि आजाराशी कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. ए-टू दुधाने काही लोकांच्या पोटाला बरं वाटतं असे छोटे अभ्यास आहेत, ते मी नाकारत नाही. पण हा फरक प्रथिनातला आहे, आणि तूप म्हणजे जवळजवळ शुद्ध स्निग्ध पदार्थ. कढवताना प्रथिन बेरीत जळून जातं, उरलंसुरलं गाळण्यात राहतं. तुपावर ए-टू लिहिण्याला आरोग्याच्या दृष्टीने काहीच अर्थ उरत नाही. एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये कंपन्यांना असे दावे पाकिटावरून काढायला सांगितलं होतं आणि काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली, म्हणून दुकानात ही नावं अजून दिसतात. शिवाय आपल्या देशी गायींचं दूध बहुतांश ए-टूच असतं आणि म्हशीचंही ए-टूच. तुमच्या घरी म्हशीचं दूध येत असेल तर जादा पैसे न देता ते तुम्ही पितच आहात.

हे सगळं सांगताना देशी गायींना मी कमी लेखत नाही. वर्धा जिल्ह्यातली गवळाऊ ही आपल्या मातीतली जात आहे, काटक आणि चपळ. तिच्या दुधाला दोन पैसे जास्त देऊन तो शेतकरी टिकत असेल तर जरूर द्या, मलाही ते मनापासून हवं आहे. फक्त कोलेस्टेरॉलचं औषध म्हणून ते तूप विकत घेऊ नका.

तूप कुठलंही असो, एका लहान चमच्यात, म्हणजे पाच ग्रॅममध्ये, ४५ कॅलरी आणि सुमारे तीन ग्रॅम संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट) असतो. दिवसाच्या २००० कॅलरीत संपृक्त स्निग्धांश २२ ग्रॅमच्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सांगते. आता दुधाची पिशवी बघा. फुल क्रीम दुधात सहा टक्के स्निग्धांश असतो. यजमान दिवसाला अर्धा लिटर घेत असतील तर ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ, त्यातला एकोणीसेक ग्रॅम संपृक्त. दिवसाचा कोटा दुधातच संपत आला, तुपाच्या चमच्याची पाळी यायच्या आधी. तेच टोन्ड दूध घेतलं तर त्यात तीन टक्के, डबल टोन्डमध्ये दीड टक्का. पिशवी बदलली तर वरणभातावरचं एक चमचा तूप ते सुखाने खाऊ शकतील. पुरणपोळीच्या दिवशी वाटीतलं तूप संपवायचं की नाही, हे त्यांनी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. माझ्याकडे आले तर मी नको म्हणेन. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती तुपाच्या भरवशावर बंद करू नका.

टोन्ड दूध म्हणजे नुसतं पाणी घातलेलं दूध, हा समज काढून टाका. त्यात स्निग्धांश कमी केलेला असतो, पण दुधाची भुकटी मिसळून बाकीचे घटक ८.५ टक्क्यांवर ठेवलेले असतात, त्यामुळे प्रथिनं आणि कॅल्शियम कमी होत नाही. ही कल्पना भारतातलीच. मुंबईच्या आरे दूध योजनेशी जोडलेले दारा खुरोडी यांनी ती रूढ केली, आणि १९६३ मध्ये त्यांना अमूलच्या व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्वस्तात जास्त मुलांपर्यंत दूध पोचावं म्हणून निघालेली ही गोष्ट आज पन्नाशीतल्या हृदयालाही उपयोगी पडते आहे. एक सूचना मात्र आहे. बऱ्याच घरांत फुल क्रीम आणून साय काढली जाते आणि ते 'बिनसायीचं' दूध हलकं म्हणून प्यायलं जातं. साय साठवून कढवली आणि ते तूप त्याच घरात खाल्लं, तर घराचा हिशेब होता तिथेच राहतो. आणि तुपाला पर्याय म्हणून डालडा कधीच नको. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तरी खारी, टोस्ट, नानकटाई रोजची असेल तर तिकडे लक्ष द्या.

आता तुम्ही. दूध प्यायल्यावर पोट फुगणं, गुडगुडणं, पातळ शौचाला होणं याचं नेहमीचं कारण म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर लहानपणानंतर बऱ्याच भारतीयांत कमी होत जातं. हा आजार नाही आणि ही ॲलर्जीही नाही. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी वेगळी. तिच्यात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, आणि तिथे थेंबभर दूधही चालत नाही. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना मात्र जेवणासोबत एका वेळी कपभर, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोजपर्यंतचं दूध त्रास न होता चालतं. म्हणून आधी खात्री करा. दोन आठवडे दूध पूर्ण थांबवा आणि पोटाकडे लक्ष द्या. आराम पडला तर जेवणासोबत १०० मिलीपासून परत सुरू करा आणि कुठे त्रास सुरू होतो ते बघा. आराम पडलाच नाही, तर दोष दुधाचा नव्हता. सकाळी तर्रीपोहे, त्यावर हरभरे, मग दोन कप चहा, एवढ्यानेही पोट फुगतं आणि नाव दुधाचं होतं.

दही तुम्हाला बहुधा चालेल. विरजणातले जीवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात आणि उरलेलं पचवायला पोटात मदत करतात. पनीरमध्ये लॅक्टोज फार कमी, कारण ते निवळीबरोबर निघून जातं. खवा मात्र उलटा, दूध आटलेलं असल्याने लॅक्टोज गच्च भरलेलं. संत्रा बर्फीच्या दोन वड्यांनी त्रास होतो आणि दह्याने होत नाही, हे तुम्ही अनुभवलं असेल तर कारण हेच असू शकतं. लॅक्टोजमुक्त दूधही आता मिळतं. त्यात पोषण दुधाचंच असतं, फक्त साखर आधी फोडलेली असते.

बदामाच्या दुधाबद्दल स्पष्टच सांगते. घरी दहा बदाम भिजवून, वाटून, पाणी घालून गाळलं, तर त्या ग्लासात फार तर अडीच ग्रॅम प्रथिनं आणि तीसेक मिलिग्रॅम कॅल्शियम येतं, आणि चोथा फेकला तर तेही कमी. २०० मिली दुधात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. विकतच्या खोक्यात तर बदामाचं प्रमाण बऱ्याचदा दोन-चार टक्केच असतं. पेय म्हणून आवडत असेल तर प्या, पण मुलाला दुधाऐवजी देऊ नका असं मी म्हटलं ते यासाठी. ओटच्या पेयात प्रथिनं कमीच, आणि ते बनवताना स्टार्च फुटून साखर तयार होते, त्यामुळे "साखर घातलेली नाही" असं लिहिलेल्या खोक्यातही पोषणाच्या तक्त्यात साखर दिसते. नारळाचं दूध स्वयंपाकाला छान, रोज ग्लासभर प्यायला नाही, त्यात संपृक्त स्निग्धांश भरपूर असतो.

दुधाच्या सगळ्यात जवळ जातं ते सोयाचं दूध, १०० मिलीला तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि तीही चांगल्या प्रतीची. आपल्या विदर्भात सोयाबीनची एवढी शेती, पण आपल्या ताटात ते वडीच्या पलीकडे फारसं येत नाही, याचं मला वाईट वाटतं. घरी करणार असाल तर सोयाबीन रात्रभर भिजवा, सालं काढा, वाटून गाळा आणि ते दूध पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळा. कच्च्या सोयामध्ये प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात, ते उकळल्यानेच निकामी होतात. सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात, असं ठरावीक प्रमाणात खाणाऱ्यांच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण घरच्या सोया दुधात कॅल्शियम फारसं नसतं. विकतचं घेताना १०० मिलीला १२० मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम घातलेलं आहे का ते लेबलवर वाचा आणि ओतण्याआधी खोका जोरात हलवा, घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. शेवटच्या ग्लासात पांढरा साका दिसतो, तो तोच.

घरात कुणी दूध, दही, पनीर सगळंच सोडणार असेल आणि अंडी-मांसही खात नसेल, तर बी-१२ ची गोळी लागणारच. डाळ, भाजी, नाचणी, बदाम यातल्या कशातच ते भरवशाने मिळत नाही. हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, जिभेची आग अशी लक्षणं घेऊन लोक येतात, तेव्हा कमतरता बरीच पुढे गेलेली असते.

भेसळीचे मेसेज. "२०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना दुधामुळे कॅन्सर होणार, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय" हा मेसेज तुम्हालाही आला असेल. संघटनेने असं काही सांगितलेलं नाही, सरकारनेही ते जाहीरपणे नाकारलं. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यात युरिया, डिटर्जंट अशा भेसळीचे नमुने निघाले फक्त १२. सुमारे ९३ टक्के नमुने पिण्यास सुरक्षित होते. काळजीची गोष्ट वेगळीच निघाली: ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-वन हे बुरशीतून येणारं विष मर्यादेपेक्षा जास्त होतं. जनावरांना बुरशी लागलेला चारा किंवा ढेप (पेंड) खाऊ घातली की ते दुधात उतरतं आणि उकळून जात नाही. त्यावर उपाय गोठ्यात आहे, आपल्या गॅसवर नाही. गवळ्याकडून दूध घेत असाल तर पावसाळ्यात ढेप कुठे साठवता, एवढं आपुलकीने विचारा.

गवळ्याचं दूध उकळूनच घ्या. कच्चं दूध जास्त पौष्टिक म्हणून पिण्याची टूम आली आहे, ती घातक आहे. ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार) आणि क्षय हे दोन्ही कच्च्या दुधातून येऊ शकतात. पिशवीचं दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं, साखळी थंड राहिली तर ते न उकळताही सुरक्षित असतं. पण मे महिन्यात पहाटेची पिशवी फाटकाला लटकून आठ वाजेपर्यंत उन्हात राहत असेल, तर एकदा उकळी काढलेली बरी. दिवसातून चार वेळा उकळू नका, त्याने बी गटातली काही जीवनसत्त्वं कमी होतात. टेट्रा पॅकमधलं दूध टिकतं ते जास्त तापमानावर निर्जंतुक करून जंतुविरहित खोक्यात भरल्यामुळे, त्यासाठी औषध घालावं लागत नाही.

पनीर स्वस्त मिळालं तर नाव वाचा. पामतेल वगैरे वापरून केलेलं ॲनालॉग पनीर तसं लिहून विकायला परवानगी आहे, सुटं विकताना ते कुणी सांगत नाही. आयोडीनचा थेंब टाकून निळं होतं का बघायची चाचणी फक्त स्टार्च दाखवते, तेल नाही, म्हणून ती पास झाली की निर्धास्त होऊ नका. आइस्क्रीमसारख्या दिसणाऱ्या फ्रोझन डेझर्टमध्येही दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं.

बाकीचे समज थोडक्यात. दुधाने कफ वाढत नाही, लाळेत मिसळून घशाला दाटसर लागतं इतकंच. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होत नाही, आणि कोड असलेल्या माणसाचे पांढरे पदार्थ बंद करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. केशरदुधाने बाळ गोरं होत नाही. थंड दुधाने पित्ताची आग घटकाभर शमते, मग पुन्हा आम्ल सुटतं, तेव्हा वरचेवर लागत असेल तर तपासून घ्या. कढीत दह्यातले जिवंत जीवाणू उरत नाहीत, पण कॅल्शियम आणि प्रथिनं राहतात, म्हणून कढीगोळे खुशाल करा.

शेवटी सासूबाईंची थायरॉइडची गोळी. सकाळी दुधाच्या चहाबरोबर ती घेत असतील तर ती नीट शोषली जात नाही. उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचं अंतर हवं, सोयाचं दूधही त्या वेळेपासून दूर ठेवा. गोळीची वेळ बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) पुन्हा तपासा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, कारण गोळी नीट लागायला लागली की आधीचा डोस जास्त होऊ शकतो.